घरफोडीला शिक्षा, युद्धाला माफी

३० जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची कलमं एकेक करून मतदानाला येत होती. न्यायात अडथळा आणल्याचं कलम २७ विरुद्ध ११ आणि सत्तेचा गैरवापर केल्याचं कलम २८ विरुद्ध १० मतांनी आधीच मंजूर झालं होतं. त्या दिवशी मिशिगनचे जॉन कॉनियर्स यांनी मांडलेलं आणखी एक कलम चर्चेला आलं. अध्यक्षांनी कंबोडिया या तटस्थ देशावर चोरून बॉम्ब टाकले आणि काँग्रेसपासून, म्हणजे अमेरिकी संसदेपासून, ते लपवून ठेवलं, असा तो आरोप होता. बॉम्ब पडले हे तोवर सरकारनेच कबूल केलं होतं, त्यामुळे घटना घडली की नाही हा वादच नव्हता. तरीही ते कलम २६ विरुद्ध १२ मतांनी पडलं.

नऊ दिवसांनी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. विरोधी पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात घुसलेल्या माणसांचं प्रकरण दडपणं हे अध्यक्षाला घरी पाठवण्याइतकं गंभीर ठरलं. एका देशावर चौदा महिने केलेला बॉम्बवर्षाव दडपणं मात्र तेवढं गंभीर ठरलं नाही. समितीचे सदस्य रॉबर्ट ड्रायनन, जे कॅथलिक धर्मगुरूही होते, त्यांनी नेमका हाच सवाल केला होता: घरफोडी लपवली म्हणून महाभियोग चालवणार आणि प्रचंड बॉम्बहल्ले लपवले तर गप्प बसणार? बहुसंख्य सदस्यांनी त्यांना आपल्या मतांतून उत्तर दिलं.

सरकारचा घोटाळा आणि नकोसं झालेलं युद्ध दोन्ही एकाच वेळी लोकांच्या माथी आले की संताप घोटाळ्याकडे वळतो. ते समजण्यासारखं आहे. घोटाळ्यात आरोपी असतो, तारीख असते, ध्वनिफीत असते, कुणाला तरी पिंजऱ्यात उभं करता येतं. युद्धाला मात्र 'धोरण' म्हटलं की ते खटल्याच्या कक्षेबाहेर जातं. मग घोटाळ्याचा निकाल लागतो, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ज्या युद्धापायी तो घोटाळा झाला ते बिनबोभाट सुटतं. माझं म्हणणं असं आहे की ही दोन प्रकरणं वेगळी नसतातच. लोकांना न पटलेलं युद्ध चालू ठेवायचं तर खोटं बोलावं लागतं, ते खोटं टिकवायला कायदे मोडावे लागतात, आणि आपण शिक्षा करतो ती फक्त शेवटी मोडलेल्या कायद्याची. युद्धाबद्दल संसदेला खोटं सांगणं हाच मुळातला गुन्हा आहे, आणि तो स्वतंत्रपणे शिक्षेला पात्र असला पाहिजे.

कंबोडियाचंच प्रकरण जवळून पाहू. या गुप्त मोहिमेचं नाव होतं 'मेन्यू'. दक्षिण व्हिएतनामला लागून असलेल्या सीमाभागातल्या ठिकाणांना ब्रेकफास्ट, लंच, डिनर, स्नॅक, सपर, डेझर्ट अशी सांकेतिक नावं दिली होती. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना त्या जमिनीवर राहणारी माणसं दिसतच नव्हती, असं मला ती यादी वाचताना दर वेळी वाटतं. तिथे उत्तर व्हिएतनामी सैन्याचे तळ होते हे खरं आहे. पण कंबोडियन शेतकरीही राहत होते, आणि तशी नोंद लष्करप्रमुखांच्या स्वतःच्या कागदपत्रांत होती. १८ मार्च १९६९ पासून मे १९७० पर्यंत बी-५२ विमानांनी तिथे साडेतीन हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या.

हे लपवलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. दक्षिण व्हिएतनाममधल्या बिएन होआ इथल्या रडार केंद्रावर मेजर हॅल नाइट हा अधिकारी नेमणुकीला होता. सायगावहून विशेष दूत त्याच्याकडे एक पाकीट आणून देई. त्यात त्या रात्रीची खरी लक्ष्यं असत. विमानं कागदोपत्री दक्षिण व्हिएतनाममधल्या ठिकाणाकडे निघालेली असत. रडारवरची माणसं त्यांना कंबोडियातल्या लक्ष्यावर नेत. काम झालं की सगळे कागद गोळा करायचे, उजाडल्यावर जाळून टाकायचे आणि अहवालात दक्षिण व्हिएतनाममधली ठिकाणं भरायची. हे खोटे अहवाल वर्तमानपत्रांसाठी नव्हते. ते अमेरिकेच्याच गोपनीय दप्तरात जात. म्हणजे ज्यांना गोपनीय कागद पाहायचा अधिकार होता त्यांनाही खोटंच दिसावं, अशी चोख व्यवस्था केलेली होती. नाइटने पुढे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांना पत्र लिहिलं आणि जुलै १९७३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली, तेव्हा हा प्रकार बाहेर आला. पहिल्या हल्ल्याला तोवर चार वर्षं होऊन गेली होती.

दरम्यान ३० एप्रिल १९७० रोजी निक्सन टीव्हीवर आले. कंबोडियात उघडपणे सैन्य घुसवत असल्याचं त्यांनी देशाला सांगितलं, आणि त्याच भाषणात असंही सांगितलं की आजवर अमेरिकेने कंबोडियाच्या तटस्थतेचा काटेकोर आदर केला, पाच वर्षांत शत्रूच्या या तळांना हात लावला नाही. तेव्हा 'मेन्यू' सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. महाभियोगाला याहून वेगळा कुठला पुरावा लागतो, हे मला आजही कळत नाही.

गुप्ततेचं समर्थन नेहमी एकच असतं: शत्रूला कळू नये. पण ज्यांच्या अंगणात बॉम्ब पडत होते त्या शेतकऱ्यांना ते ठाऊक होतं. उत्तर व्हिएतनामी सैन्याला ठाऊक होतं. सिहानूक यांची मूक संमती होती असं निक्सन सरकार पुढे म्हणालं, म्हणजे कंबोडियाच्या राज्यकर्त्यालाही ठाऊक होतं. राहिला कोण? ज्याच्या करातून ते बॉम्ब विकत घेतले गेले तो अमेरिकी नागरिक, आणि त्याचे बहुतेक लोकप्रतिनिधी. युद्धातली गुप्तता शत्रूविरुद्ध असते तेव्हा तिला मुदत असते. सैन्य हललं, हल्ला झाला की ती संपते. जी गुप्तता हल्ला झाल्यावरही वर्षानुवर्षं टिकवावी लागते ती स्वतःच्या जनतेविरुद्ध असते. ही कसोटी साधी आहे आणि कुठल्याही देशाला लावता येते.

आता यातून घोटाळा कसा जन्मला ते बघा. ९ मे १९६९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये विल्यम बीचर यांनी कंबोडियावरच्या हल्ल्यांची बातमी दिली. बातमी फुटली कुठून हे शोधण्यासाठी लगोलग फोन चोरून ऐकायला सुरुवात झाली. पुढे १३ अधिकारी आणि ४ पत्रकार या यादीत आले. १३ जून १९७१ ला त्याच वर्तमानपत्राने पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे संरक्षण खात्यानेच लिहून घेतलेला व्हिएतनाम युद्धाचा गुप्त इतिहास, छापायला घेतला. सरकारने छपाई थांबवण्याचा प्रयत्न केला, पण ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल वर्तमानपत्रांच्या बाजूने दिला. न्यायालयात हरल्यावर व्हाइट हाउसने फुटलेली माहिती बुजवण्यासाठी 'प्लंबर' म्हणून ओळखली गेलेली टोळी कामाला लावली. त्यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये, कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला, त्यांच्या बदनामीचा काही मालमसाला मिळतो का ते पाहायला. या घरफोडीची आखणी करणारे हंट आणि लिडी हेच १७ जून १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणामागे होते. दवाखाना फोडणाऱ्यांपैकी दोघे वॉटरगेटमध्येही रंगेहाथ पकडले गेले.

म्हणजे चोरून ऐकलेले फोन, फोडलेला दवाखाना, वॉटरगेटची टोळी या सगळ्याचं मूळ युद्धाबद्दलची माहिती दाबण्यात आहे. सत्तेच्या गैरवापराच्या मंजूर झालेल्या कलमात ते फोन आणि तो दवाखाना दोन्ही आहेत. ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला ते सगळं केलं, तेवढी मात्र त्यातून गळली.

काही जण म्हणतील, कॉनियर्स यांचं कलम पडायला कारण होतं. होतं. काँग्रेसमधल्या मोजक्या ज्येष्ठांच्या कानावर ही मोहीम घातली गेली होती. शिवाय काँग्रेसने वर्षानुवर्षं युद्धाचा पैसा मंजूर केला होता, तेव्हा आता एकट्या अध्यक्षाला दोष कसा द्यायचा, असा युक्तिवाद होता. मला यात बचाव दिसत नाही, कबुली दिसते. चार ज्येष्ठांना विश्वासात घेऊन त्यांची तोंडं बंद करायची आणि नंतर 'संसदेला माहीत होतं' म्हणायचं, ही युक्ती पुढेही अनेक सरकारांच्या कामी आली. आणि ज्यांनी डोळे मिटून पैसा दिला तेच न्यायाधीश म्हणून बसले की ते स्वतःला दोषी ठरवतील ही अपेक्षाच चुकीची. घरफोडीवरची कलमं मंजूर झाली कारण त्यात काँग्रेसचे हात स्वच्छ होते. युद्धात नव्हते.

या सहभागाची सुरुवात १९६४ मध्ये झाली. टोंकिनच्या आखातात २ ऑगस्टला अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला हे खरं होतं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला मात्र झालाच नव्हता; अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या इतिहासकाराचा तसा निष्कर्ष २००५ मध्ये खुला करण्यात आला. त्या न झालेल्या हल्ल्याच्या जोरावर ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्ष जॉन्सन यांना युद्धासाठी मोकळं रान दिलं. विरोधात मत देणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. १९६८ च्या निवडणुकीत दोघांनाही जागा गमवावी लागली. खरं बोलल्याची किंमत अशी लगेच चुकवावी लागते. खोटं बोलणाऱ्याचा हिशेब व्हायला चाळीस वर्षं लागतात, आणि तोवर तो हयात नसतो.

पेंटॅगॉन पेपर्समध्ये मार्च १९६५ चं एक टिपण आहे. संरक्षण खात्यातले जॉन मॅक्नॉटन यांनी त्यात व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या उद्दिष्टांची टक्केवारी मांडली आहे: ७० टक्के अमेरिकेची मानहानी करणारा पराभव टाळण्यासाठी, २० टक्के तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून, आणि १० टक्के दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना अधिक चांगलं, मुक्त जीवन मिळावं म्हणून. भाषणांत ही टक्केवारी बरोबर उलटी होती. सैन्यात भरती होणाऱ्या पोराला जर कुणी स्पष्ट सांगितलं असतं की बाबा रे, तुझ्या मरणाचा सत्तर टक्के भाग आमची अब्रू वाचवण्यासाठी आहे, तर किती जण गेले असते? हा आकडा सरकारी टेबलावर होता आणि घराघरांत नव्हता, यालाच मी गुन्हा म्हणतो.

लोकांना काही कळत नव्हतं असंही नाही. हे युद्ध म्हणजे चूक होती का, असा प्रश्न गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने १९६५ मध्ये विचारला तेव्हा साधारण चौथा हिस्सा लोक 'हो' म्हणाले होते. १९६८ च्या उन्हाळ्यात ते निम्म्याहून जास्त झाले, १९७१ मध्ये ६१ टक्के. आणि तरीही युद्ध चालूच राहिलं. निक्सन अध्यक्ष झाल्यानंतर सुमारे २१ हजार अमेरिकी सैनिक मारले गेले, एकूण ५८ हजारांपैकी. म्हणजे बहुमताने 'चूक झाली' म्हटल्यावर एवढी माणसं त्या चुकीत ढकलली गेली. व्हिएतनामी मृतांचा आकडा व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिला: अकरा लाख लढवय्ये आणि वीस लाखांच्या आसपास नागरिक. लोकांचा कौल आणि सरकारचं वागणं यात एवढं अंतर पडलं की निराशा येणारच. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवेळी नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले, ती पिढी 'मोर्चे काढून काय झालं?' असं विचारत म्हातारी झाली.

निवडणूक हाच उपाय आहे, असं सांगणारे असतात. १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. त्या मतदाराला मी मूर्ख म्हणणार नाही. 'मेन्यू'चे कागद जाळलेले होते, वॉटरगेटचे धागे अजून जुळायचे होते, आणि शांतता हाताशी आल्याचं ऐन निवडणुकीच्या तोंडावर निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर सांगत होते. माहितीच चोरली असेल तर मतपेटीतून न्याय कसा निघणार?

हा सगळा जुना इतिहास म्हणून सोडून देता आला असता, पण तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. रेगन यांच्या काळात काँग्रेसने निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना मदत करायला बंदी घातली. सरकारने इराणला शस्त्रं विकून त्यातला पैसा तिकडे वळवला. १९८६ मध्ये हे फुटलं, चौकशा झाल्या, खटले चालले ते मुख्यतः काँग्रेसला खोटं सांगितल्याचे आणि कागद नष्ट केल्याचे. निदान तिथे खोटेपणा थेट गुन्हा म्हणून समोर आला होता. पण २४ डिसेंबर १९९२ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, मावळते अध्यक्ष थोरले बुश यांनी माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यासह सहा जणांना माफी देऊन टाकली. वाइनबर्गर यांचा खटला उभासुद्धा राहिला नाही.

इराकच्या बाबतीत साम्य तर अंगावर येतं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत सद्दामच्या महासंहारक अस्त्रांचे 'पुरावे' मांडले. दहा दिवसांनी जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. अस्त्रं सापडली नाहीत. इराकने आफ्रिकेतून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याच्या दाव्यावर माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी जुलै २००३ मध्ये जाहीर लेख लिहून बोट ठेवलं. आठवडाभरात त्यांच्या पत्नीची सीआयएमधली ओळख वर्तमानपत्रात छापून आली. ती ओळख कुणी फोडली याची चौकशी झाली आणि मार्च २००७ मध्ये उपाध्यक्ष चेनी यांचे मुख्य सहायक लुइस लिबी दोषी ठरले. कशाबद्दल? चौकशी अधिकाऱ्यांशी आणि ज्युरीसमोर खोटं बोलल्याबद्दल. तपास अधिकाऱ्याला खोटं सांगणं गुन्हा आहे, ते योग्यच आहे. पण देशाला खोट्या आधारावर युद्धात नेणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही. लिबी यांची अडीच वर्षांची तुरुंगवासाची शिक्षाही धाकट्या बुश यांनी रद्द केली.

अबू घरेब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं एप्रिल २००४ मध्ये जगासमोर आली, तेव्हा अकरा सैनिकांना शिक्षा झाली. सर्वात मोठी दहा वर्षांची. एका महिला ब्रिगेडियर जनरलची पदावनती झाली. कैद्यांवर कोणते क्रूर उपाय वापरता येतील याचं कायदेशीर समर्थन ज्यांनी वॉशिंग्टनमधल्या कार्यालयात बसून लिहून दिलं होतं, त्यांच्यातल्या कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. त्याच युद्धाचे कागद बाहेर देणाऱ्या चेल्सी मॅनिंग या सैनिकाला २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ओबामांनी ती कमी केली म्हणून अटकेनंतर सात वर्षांनी, २०१७ मध्ये, सुटका झाली. छळ करणाऱ्याला दहा आणि सांगणाऱ्याला पस्तीस. या दोन आकड्यांवरून सत्तेला नेमकं कशाचं भय वाटतं ते कळतं.

ब्रिटनने निदान चौकशी तरी नेटाने केली. सर जॉन चिल्कॉट यांची समिती २००९ मध्ये नेमली गेली आणि ६ जुलै २०१६ ला तिने बारा खंड आणि २६ लाख शब्दांचा अहवाल दिला. शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध पुकारलं गेलं, अस्त्रांबद्दलचे दावे जेवढ्या ठामपणे केले त्याला आधार नव्हता, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. 'काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर आहे' अशा अर्थाचं, तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आठ महिने आधी, बुश यांना लिहिलेलं पत्रही अहवालाबरोबर खुलं झालं. पण युद्ध कायदेशीर होतं की नाही, यावर निकाल देणं समितीच्या अखत्यारीत नव्हतं. १७९ ब्रिटिश सैनिकांच्या घरच्यांना तेरा वर्षांनी सत्य मिळालं, न्याय नाही. तेरा वर्षांनी आलेला अहवाल म्हणजे वरातीमागून घोडं, हे म्हणताना मला त्या समितीच्या कष्टांचा अनादर करायचा नाही.

युद्ध चालू असताना प्रश्न विचारले तर सैनिकांचं मनोधैर्य खचतं, हे वाक्य प्रत्येक देशातल्या प्रत्येक सरकारच्या तोंडी ऐकू येतं. त्याला इतिहासानेच उत्तर दिलेलं आहे. मार्च १९४१ मध्ये अमेरिकी सिनेटने संरक्षण खर्चाच्या चौकशीसाठी हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्षअखेरीस अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि ही समिती ऐन युद्धात काम करत राहिली. सदोष विमान इंजिनं, निकृष्ट पोलाद, छावण्यांच्या बांधकामातली लूट हे सगळं तिने चव्हाट्यावर आणलं. त्यामुळे सैनिकाचं मनोधैर्य खचलं नाही, त्याला धड इंजिन मिळालं. ट्रुमन देशद्रोही ठरले नाहीत. १९४४ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. चौकशीने युद्ध कमकुवत होतं असं जेव्हा एखादं सरकार म्हणतं तेव्हा त्याला आपल्या युद्धाबद्दलच खात्री नसते.

मग करायचं काय? कायदे केले गेले नाहीत असं नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकार ठराव मंजूर केला: सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत कळवायचं, ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर माघार घ्यायची. १९९९ मध्ये कोसोव्होत आणि २०११ मध्ये लिबियात ही मुदत उलटून गेली, आणि दोन्ही वेळा सरकारकडे वकिली खुलासा तयार होता. उलट दिशेने पाहिलं तर १४ सप्टेंबर २००१ ला दिलेली लष्करी कारवाईची परवानगी इतकी सैल होती की तिच्या आधारे पुढची दोन दशकं अनेक देशांत कारवाया होत राहिल्या. त्या दिवशी दोन्ही सभागृहांत मिळून विरोधात एकच मत पडलं, प्रतिनिधिगृहातल्या बार्बरा ली यांचं.

जे खरोखर चाललं ते एकच: पैसा बंद करणं. 'मेन्यू' संपल्यावरही कंबोडियातले बॉम्बहल्ले चालूच राहिले होते; १९७३ च्या जूनमध्ये काँग्रेसने त्यांचा निधी तोडायचा निर्णय घेतला. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. शेवटी तडजोड झाली, १५ ऑगस्टला हल्ले थांबतील. सहा आठवड्यांचा तो वेळ कागदावर किरकोळ वाटतो. ६ ऑगस्टला एका बी-५२ ने चुकून नेआक लुओंग या, अमेरिकेच्या मित्र असलेल्या कंबोडियन सरकारच्याच ताब्यातल्या गावावर बॉम्ब टाकले आणि १३७ माणसं मेली. पण १५ ऑगस्टला हल्ले थांबले, हेही तितकंच खरं. मोर्चे, लेख, चाचण्या, ठराव यांना जे जमलं नव्हतं ते खर्चाच्या विधेयकातल्या एका तरतुदीने केलं.

म्हणून मला वाटतं की युद्धाचा पैसा सामान्य अंदाजपत्रकात मिसळूच नये. त्याची मंजुरी वेगळी, मुदतीची असावी आणि तो कर्जातून न आणता त्यासाठी वेगळा कर लावावा. जॉन्सन यांना १९६८ मध्ये नाइलाजाने आयकरावर दहा टक्के अधिभार लावावा लागला होता; इराक युद्ध सुरू असताना २००३ मध्ये मात्र अमेरिकेत उलट करकपात झाली. सक्तीची सैन्यभरतीही १९७३ मध्ये संपलेली. १ डिसेंबर १९६९ च्या सोडतीत काचेच्या बरणीतून जन्मतारखांच्या ३६६ निळ्या कुप्या निघत होत्या आणि घरोघरी माणसं टीव्हीसमोर श्वास रोखून बसली होती; ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मुलगाही द्यायचा नाही आणि पैसाही द्यायचा नाही, अशी सोय झाली की युद्ध बहुसंख्यांच्या घराबाहेरच राहतं, आणि त्याबद्दलचं खोटं पकडायची निकडही कुणाला राहत नाही. प्रतिनिधिगृहाचे सदस्य डेव्हिड ओबी यांनी २००९ मध्ये अफगाणिस्तान युद्धासाठी असा कर सुचवणारं विधेयक आणलं होतं. ते पुढे सरकलं नाही. लोकांना खिशातून पैसे द्यावे लागले तर ते हिशेब मागतील, हे दोन्ही पक्षांना कळत होतं असं मी मानतो.

या सगळ्याने वैतागलेला माणूस शेवटी 'सगळे एकाच माळेचे मणी' म्हणून मोकळा होतो. सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं मानणारे अमेरिकन १९६४ मध्ये चारपैकी तीन होते; १९७४ मध्ये जेमतेम एक तृतीयांश उरले आणि तो विश्वास पूर्वीच्या उंचीला पुन्हा कधीच पोचला नाही. हा राग मला समजतो. पण 'सगळेच चोर' हे मत सत्ताधाऱ्यांना मुळीच अडचणीचं नाही. ज्याला सगळेच खोटारडे वाटतात तो या खोट्यात आणि त्या खोट्यात फरक करत नाही, मेजर नाइटच्या पत्राला आणि सरकारी खुलाशाला एकाच तागडीत टाकतो. मोर्स, ग्रुएनिंग, कॉनियर्स, ड्रायनन, ली हीही राजकारणीच माणसं होती. बहुमत विरुद्ध असताना त्यांनी नोंद करून ठेवली, आणि आज आपण ज्या पुराव्यावर बोलतो त्यातला बराचसा अशाच नोंदींमुळे हाती लागलेला आहे.

तेव्हा मागणी नेमकी हवी. युद्धाबद्दल संसदेला जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा युद्धाच्या नोंदी खोट्या भरणं यासाठी स्वतंत्र गुन्हा आणि स्वतंत्र शिक्षा. त्यात आपल्याच सहकाऱ्यांना माफी देण्याचा अधिकार अध्यक्षाला किंवा सरकारला नाही. खोट्या नोंदी संसदेकडे घेऊन येणाऱ्या सैनिकाला आणि अधिकाऱ्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण. आणि सैन्य ज्या दिवशी हलेल त्याच दिवशी, विरोधी पक्षाच्या अध्यक्षतेखाली, सगळे कागद पाहायचा हक्क असलेली चौकशी समिती, जी सहा-सहा महिन्यांनी अहवाल देईल आणि त्या अहवालावर चर्चा झाल्याशिवाय पुढच्या सहा महिन्यांचा पैसा मंजूर होणार नाही.